शोभेच्या माशांचा रंग व त्यांचा आहार

शोभेचे मासे बाळगण्याचा नाद आतां शहरांतील दिवाणखान्यापुरता राहिलेला नाहीं. शेततळें व सिमेंटचे हौद यांच्या आधारानें हा एक जोडधंदा म्हणून खेड्यापाड्यांतही शिरला आहे. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंतही शोभेच्या माशांच्या पैदाशीस स्थान देण्यांत आलें. या धंद्याचें एक वैशिष्ट्य शेतकरी बंधूंनीं प्रथमच ध्यानांत घ्यावें. रोहू-कटला तराजूंत घालून विकतां येतो. सोनमासा किंवा कोई मासा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरला तरच विकला जातो. येथें वजनाइतकीच, किंबहुना वजनाहूनही अधिक, किंमत रंगाची आहे. सबब रंग कशानें येतो व कशानें जातो हें जो जाणत नाहीं, त्याचा माल चांगला पोसलेला असूनही पडून राहतो.

प्रस्तुत लेखक मत्स्यशास्त्राचा पदवीधर नव्हे. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केलेला व गतवर्षीं निवृत्त झालेला असा मी साधा मनुष्य आहें. या विषयाकडे माझें लक्ष गेलें तें घरच्या एका अडचणीमुळें.

आमच्या गांवीं माझ्या पुतण्यानें कर्ज काढून एक अस्तराचें शेततळें व चार हौद बांधले, आणि त्यांत सोनमाशांचीं व कोई माशांचीं पिल्लें सोडलीं. खाद्य म्हणून घरचा तांदळाचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड. मासे वाढले, अंगानें भरले. आठ महिन्यांनीं व्यापारी आला. जाळ्यांतील मासे पाहून त्यानें मान हालविली. "वाढ चांगली आहे, पण माल फिका आहे," असें म्हणून त्यानें निम्मा भाव सांगितला. जातां जातां त्याच्याबरोबरच्या माणसानें पुतण्याच्या हातांत एक पुडी ठेविली व सांगितलें, कीं ही खाद्यांत कालवा, तीन आठवड्यांत मासे लालभडक होतील. पुडीवर ना नांव, ना छाप.

पुतण्या ती पुडी घेऊन माझ्याकडे आला. "काका, हप्ता तोंडावर आला आहे. घालूं का?" असें त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "बाबा, सहीशिवाय कागद आणि नांवाशिवाय पुडी आपल्या दप्तरीं दाखल करावयाची नसते. आधीं माशाला रंग येतो कोठून, तें पाहूं." थोडे मासे निम्म्या भावानें देऊन तो हप्ता आम्हीं कसाबसा भागविला व चौकशीस लागलों. त्या चौकशींत जें कळलें व हौदावर जें दिसलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

१. रंगाचे तीन प्रकार

माशाचे खवले बहुतांशीं पारदर्शक असतात. रंग असतो तो मुख्यतः त्वचेंतील सूक्ष्म रंगपेशींत. या पेशींतील रंगाचे, आपल्या कामापुरते, तीन वर्ग करतां येतील.

पहिला काळा व तपकिरी. हा मेलॅनिन नांवाच्या द्रव्याचा. आपल्या केसांचा काळेपणाही त्याचाच. तो मासा आपल्या शरीरांतच तयार करतो. त्यासाठीं बाहेरून रंग खावा लागत नाहीं.

दुसरा चंदेरी व निळा. येथें खरें पाहतां रंगद्रव्य बहुधा नसतेंच. पेशींत ग्वानिन या द्रव्याचे अतिसूक्ष्म चपटे स्फटिक रचलेले असतात, व त्यांवरून प्रकाश परावर्तित होऊन चकाकी किंवा निळी झाक दिसते. निऑन टेट्रा माशाच्या अंगावरील निळा पट्टा असाच केवळ प्रकाशाचा खेळ आहे. हाही खाण्यावर अवलंबून नाहीं.

तिसरा वर्ग पिवळा, नारिंगी व तांबडा. यांतील थोडा भाग कांहीं मासे स्वतः तयार करतात. परंतु मोठा भाग कॅरोटिनॉइड नांवाच्या रंगद्रव्यांचा असतो. हीं द्रव्यें वनस्पति, शेवाळ, बुरशी व कांहीं जीवाणू तयार करतात. प्राण्यांना तीं सहसा करतां येत नाहींत. मावा ही कीड शेतकऱ्यांस चांगलीच परिचयाची आहे. तिची वाटाण्यावर पडणारी एक जात कॅरोटिनॉइड स्वतः तयार करते असें २०१० सालीं उघडकीस आलें, तेव्हां शास्त्रज्ञांस त्याचें मोठें आश्चर्य वाटलें. कारण प्राणिसृष्टींत तो अगदीं विरळा अपवाद ठरला. माशाला ही सवलत नाहीं. त्यानें तीं द्रव्यें खाल्लीं पाहिजेत, किंवा तीं खाल्लेल्या दुसऱ्या जीवास खाल्लें पाहिजे. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

पुतण्याच्या माशांचें दुखणें येथेंच उमगलें. कोंडा व पेंड यांनीं मांस वाढतें. पण त्या दोहोंत हीं रंगद्रव्यें नांवालाच. जमेच्या बाजूस रंग लिहिलाच नव्हता, तर तो त्वचेवर खर्चीं पडावा कसा?

२. आपल्या नित्याच्या पाहण्यांतील दाखले

ही गोष्ट शेतकऱ्यास नवी वाटूं नये. परड्यांत हिरवा पाला टिपणाऱ्या कोंबडीच्या अंड्यांतील बलक गडद पिवळा असतो. पिंजऱ्यांत नुसत्या फिक्या दाण्यावर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिका उतरतो. म्हणूनच मोठे कुक्कुटपालक खाद्यांत झेंडूचा अर्क घालतात. उजनीच्या जलाशयावर व ठाण्याच्या खाडींत येणारा रोहित पक्षी, ज्यास लोक फ्लेमिंगो म्हणून ओळखतात, त्याचा गुलाबी रंगही जन्मजात नव्हे. त्याचें पिलूं करड्या रंगाचें असतें. पाण्यांतील शेवाळ व बारीक कोळंबीसारखे जीव खाऊन पुढें तो गुलाबी होतो. पिंजऱ्यांत ठेवून असें खाद्य न दिल्यास पांढरट पडतो.

तथापि केवळ खाण्यानें सर्व ठरतें असें मात्र नव्हे. गाय व म्हैस एकाच गव्हाणींत एकच वैरण खातात. तरी गाईचें तूप पिवळें व म्हशीचें पांढरें. वैरणींतील कॅरोटीन गाय पुरतें बदलीत नाहीं, कांहीं भाग तसाच दुधांत उतरूं देते. म्हैस तें जवळजवळ सर्व अ जीवनसत्त्वांत बदलून टाकते. म्हणजे रंग जमेस आला, तरी तो कोणत्या खातीं घालावयाचा हें त्या त्या जातीचें शरीर ठरवितें. माशांतही हाच कायदा चालतो.

३. कोणता रंग कोणास लागू पडतो

माशाचा खरा तांबडा रंग बहुधा अ‍ॅस्टॅक्झँथिन या कॅरोटिनॉइडाचा असतो. कोळंबी, खेकडे व जवळा यांच्या कवचांत तें असतें. जिवंतपणीं प्रथिनाशीं बांधलेलें असल्यामुळें तें निळसर-काळपट दिसतें. उकळतांच तें बंधन सुटतें व खेकडा लाल होतो. गृहिणींनीं हें रोज पाहिलेलें आहे.

सोनमासा व कोई यांस एक विशेष देणगी आहे. शेवाळांत व मक्यांत झियाझँथिन नांवाचें पिवळें द्रव्य असतें. तें खाल्ल्यावर हे मासे त्याचें अ‍ॅस्टॅक्झँथिन बनवूं शकतात. थंड समुद्रांतील सामन माशास ही हातोटी नाहीं. त्यास तयार अ‍ॅस्टॅक्झँथिनच द्यावें लागतें. न दिल्यास पाळलेल्या सामनचें मांस फिकें राहतें. झेंडूंतील ल्युटिन हें पिवळें द्रव्य सोनमाशाच्या त्वचेंत बहुतांशीं पिवळेंच राहतें. त्यानें पिवळा-केशरी रंग भरतो, शेंदरी लाली येत नाहीं. गाजरांतील बीटा-कॅरोटीन माशाच्या शरीरांत बरेंचसें अ जीवनसत्त्वाकडे जातें, त्वचेवर तें फारसें दिसत नाहीं. म्हणून गाजर प्रकृतीस चांगलें असलें तरी रंगासाठीं त्यावर भिस्त ठेवूं नये.

येथें माझी एक फजिती सांगतों. लाल दिसतें तें लाल करील, अशा समजुतीनें मीं प्रथम बीट किसून खाद्यांत कालविलें. हौदाचें पाणी गुलाबी झालें, मासे होते तसेच राहिले. बीटाचा रंग निराळ्या वर्गाचा व पाण्यांत विरघळणारा. कॅरोटिनॉइड हीं तेलांत विरघळणारीं द्रव्यें, तीं अन्नांतील चरबीबरोबर शोषलीं जाऊन त्वचेपर्यंत पोंचतात. बाजारांत माशांसाठीं मिळणाऱ्या लाल अळ्यांविषयींही असाच गैरसमज आहे. त्यांची लाली आपल्या रक्तांतल्याप्रमाणें हिमोग्लोबिनाची असते. अळ्या पौष्टिक खऱ्या. पण त्यांच्या लालीनें मासा लाल होत नाहीं. सारांश, खाद्याचा रंग डोळ्यांनीं पाहून भुलूं नये. त्यांत द्रव्य कोणतें आहे तें पाहावें.

४. तळ्यांतील मासा व कांचेंतील मासा

हिरवट पाण्याच्या जुन्या तळ्यांतील मासा रंगदार, व तोच स्वच्छ कांचेच्या पेटींत आणला कीं कांहीं महिन्यांत फिका, हा अनुभव पुष्कळांस असेल. कारण आतां उघड आहे. हिरवें पाणी म्हणजे तरंगतें सूक्ष्म शेवाळ. तें शेवाळ पाणपिसवा व इतर बारीक जीव खातात, व त्यांस मासा खातो. त्यास रंगाचें खाद्य चोवीस तास आपसूक मिळत असतें. पेटींत तें सर्व बंद होतें. पुतण्याचें शेततळें अस्तराचें, पाणी बोअरचें व नितळ. तेथेंही तेंच झालें होतें.

गप्पी माशाचें उदाहरण या बाबतींत फार बोधप्रद आहे. डांसांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातें डबक्यांत व टाक्यांत सोडतें तोच हा मासा. मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागांतला व त्याजवळील त्रिनिदाद बेटांतला. त्याच्या नराच्या अंगावर नारिंगी ठिपके असतात. त्रिनिदादमधील ज्या ओढ्यांवर रानाची सावली दाट, तेथें ऊन कमी व दगडांवरील शेवाळही कमी. तेथील नरांच्या ठिपक्यांत कॅरोटिनॉइडही कमी आढळतें, असें ग्रेदर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें. गप्पीची मादी बहुधा अधिक नारिंगी नराकडे ओढली जाते. जणूं त्याचा रंग म्हणजे त्यानें अन्न किती चांगलें मिळविलें याचा दाखलाच होय.

कोई माशाची कुळकथाही शेतकऱ्यांचीच आहे. जपानांतील निईगाता प्रांतांत डोंगरउतारावर भात पिकविणारे शेतकरी हिंवाळ्यांतील बेगमी म्हणून कार्प जातीचे मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकांत त्यांत मधून मधून रंगीत पिल्लें निपजूं लागलीं. तीं खाऊन न टाकतां त्यांनीं राखलीं, निवडून निवडून त्यांची पैदास केली. आणि १९१४ सालच्या टोकियो येथील प्रदर्शनानंतर त्यांची कीर्ति बाहेर पसरली. या हकीगतींतून एक धडा असा, कीं रंगाचा पाया वंशांत असतो. खाद्य त्या पायावर भिंत चढवितें. पायाच नसेल तेथें खाद्यानें इमारत उभी राहत नाहीं.

५. आमच्या हौदावरील अनुभव

एवढी माहिती मिळाल्यावर आम्हीं दोन हौद शेजारीं शेजारीं घेतले. एकाच वेळचे व शक्य तितके सारखे वीस वीस सोनमासे प्रत्येकांत सोडले. पाणी एक, ऊन एक, पोटाचें खाद्यही एक. फरक इतकाच, कीं डाव्या हौदाच्या खाद्यांत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड मिसळली. दसरा नुकताच झालेला. बाजारांत उरलेला झेंडू टोपलीभर फुकट मिळाला. मला आपल्या काटकसरीचें कौतुक वाटलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं डाव्या हौदांत अकरा मासे उलटे तरंगत होते. उजव्या हौदांत एकही मेला नाहीं. पाणी तेंच, खाद्य तेंच; निराळी ती फक्त फुलें. तीं कोणाच्या शेतांतील, त्यांवर कोणत्या औषधाची फवारणी केव्हां झाली, हें मीं विचारलेंच नव्हतें. विकावयाच्या फुलांवर फवारणी होतेच, आणि आजकालचीं कित्येक कीटकनाशकें, विशेषतः पायरेथ्रॉइड वर्गाचीं, माशांस अत्यंत घातक असतात. नांवाशिवाय पुडी घेऊं नये असें ज्यानें पुतण्यास सुनावलें, त्यानेंच नांवाशिवायचीं फुलें घेतलीं. पुतण्या मला एक शब्दही बोलला नाहीं. त्यामुळें मला अधिकच लागलें. ते अकरा मासे मीं वहींत माझ्या नांवें खर्चीं टाकले.

मग परसांत स्वतः झेंडू लावला. फवारणी मुळींच केली नाहीं. त्याच्या पाकळ्या, सुका जवळा व स्पिरुलिना शेवाळाची पूड घालून नवें खाद्य केलें व पुन्हां वीस वीस मासे घेऊन आरंभ केला. रंगाची तुलना नुसत्या आठवणीवर सोंपविली नाहीं. भिंतीच्या रंगाच्या दुकानांत छटांचें नमुनापत्रक मिळतें, तें आणून दर रविवारीं सकाळीं एकाच वेळीं, एकाच पांढऱ्या परातींत मासा क्षणभर घेऊन जुळणाऱ्या छटेचा क्रमांक वहींत मांडला. हें सांगण्याचें कारण, डोळा आशेला फार लवकर वश होतो. वही होत नाहीं.

पहिले तीन आठवडे सांगण्यासारखा फरक नव्हता. चौथ्या आठवड्यांत डाव्या हौदांतील मासे पत्रकावर एक-दोन छटा पुढें गेले. सातव्या आठवड्यांत फरक असा झाला, कीं येणारा-जाणारा न विचारतां डाव्या हौदाशींच थांबूं लागला. मात्र वीसांपैकीं तीन मासे शेवटपर्यंत फिकेच राहिले. तो त्यांच्या वंशाचा भाग समजून त्यांस पैदाशींतून काढून टाकलें.

६. खाद्याची कृति

एक किलो खाद्यास आम्हीं वापरलेलें प्रमाण असें: शेंगदाण्याची पेंड ३०० ग्रॅम, सुक्या जवळ्याची पूड २५० ग्रॅम, तांदळाचा कोंडा २५० ग्रॅम, गव्हाचें पीठ १५० ग्रॅम, स्पिरुलिना ३० ग्रॅम व झेंडूच्या पाकळ्यांची पूड २० ग्रॅम. यांत दोन चमचे खाण्याचें तेल.

पेंड कोरडी व बुरशीचा वासही नसलेली असावी. बुरशी लागलेली पेंड माशाचें यकृत बिघडविते. जवळा खारट असल्यास दोनदां धुऊन पुन्हां वाळवावा. झेंडूच्या पाकळ्या सावलींत वाळवाव्या. उन्हांत त्यांचा रंग उडतो, आणि डोळ्यांस दिसणारा रंग उडाला कीं गुणही उडाला असें समजावें.

प्रथम पेंड, कोंडा व पीठ पाण्यांत घट्ट मळून मोदकाप्रमाणें वाफवावें. गोळा कोमट झाल्यावरच जवळा, स्पिरुलिना, पाकळ्यांची पूड व तेल त्यांत मळावें. फार उष्णतेनें रंगद्रव्यें नासतात. नंतर सोऱ्यांतून बारीक शेव पाडावी, सावलींत कडक वाळवावी व चुरून माशाच्या तोंडाच्या मापाची करावी. घट्ट झाकणाच्या डब्यांत, अंधाऱ्या व थंड जागीं ठेवून दीड-दोन महिन्यांत संपवावी. हवा, ऊन व ऊब हे कॅरोटिनॉइडचे तीन शत्रु आहेत. म्हणून उन्हांत टांगलेलें पारदर्शक पिशवींतील विकतचें खाद्य, वेष्टनावर कितीही रंगीत चित्र असलें तरी, घेऊं नये.

दिवसाकाठीं माशांच्या एकूण वजनाच्या शेंकडा दोन ते तीन इतकें खाद्य दोन वेळां विभागून द्यावें. पांच मिनिटांत संपेल तेवढेंच टाकावें. उरलेलें खाद्य कुजून पाणी बिघडवितें, व बिघडलेल्या पाण्यांत कोणताही रंग टिकत नाहीं.

अति तेथें माती हा नियम येथेंही आहे. त्वचा ठराविक मर्यादेपर्यंतच रंग घेते. त्यापुढील द्रव्य वायां जातें. सामन माशांच्या खाद्यांत अ‍ॅस्टॅक्झँथिन किलोस १०० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें अशी मर्यादा युरोपीय संघानें घालून दिली आहे, यावरून किती अल्प द्रव्यांत काम होतें हें दिसेल. तांबड्या-पांढऱ्या कोई माशांस तर अतिरेक उघड नडतो. त्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळट झांक येते व किंमत उतरते. अशा माशांस रंगाचें खाद्य एक दिवसाआड द्यावें व पांढऱ्या भागावर नजर ठेवावी.

७. खाद्याखेरीज इतर कारणें

मासा फिका दिसतांच सर्व दोष खाद्यावर टाकणें बरोबर नाहीं. सोनमाशाचीं पिल्लें आरंभीं काळपट-तपकिरी असतात व कांहीं महिन्यांनीं काळिमा जाऊन सोनेरी होतात. हा वाढीचा क्रम आहे. पांढऱ्या टबांत ठेवलेला मासा भोवतालाशीं जुळवून घेण्यासाठीं फिका पडतो, काळ्या किंवा हिरव्या तळाच्या हौदांत तोच गडद दिसतो. दीर्घकाळ अंधारांत ठेवल्यासही सोनमाशाचा रंग जातो. गर्दी, आजार व दूरचा प्रवास यांनींही रंग उतरतो. तो मात्र बहुधा थोड्या विश्रांतीनें परत येतो. म्हणून विक्रीच्या आदल्या दिवशीं मासे दाटीवाटीनें एका भांड्यांत भरून ठेवूं नयेत.

ज्यांस हिरव्या पाण्याचा लाभ घ्यावयाचा असेल त्यांनीं एका हौदांत थोडें कुजलेलें शेणखत पिशवींत बांधून सोडावें व पाण्यास पोपटी छटा येतांच तें काढून घ्यावें. पाणी गर्द हिरवें होऊं देऊं नये. शेवाळ रात्रीं पाण्यांतील प्राणवायु खातें, व पहांटे मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडूं लागतात. तसें दिसल्यास तत्काळ ताजें पाणी सोडावें.

८. पुडी व सुई

आतां त्या पुडीविषयीं. या धंद्यांत रंगाचे दोन चोरटे मार्ग आहेत. एक संप्रेरकाचा. नराचें संप्रेरक खाद्यांतून दिल्यास गप्पीसारख्या जातींच्या माद्या व पिल्लेंही नरासारखीं रंगतात. परंतु अशा माशांची प्रजननशक्ति बिघडते. घेणारा त्यांपासून पैदास करूं पाहतो व फसतो. शिवाय ज्या हातानें तें खाद्य कालवावयाचें त्या हातासही तें द्रव्य चांगलें नव्हे. दुसरा मार्ग सुईचा. भारतांतच आढळणारा एक लहान मासा इतका पारदर्शक असतो, कीं त्याचा कांटा बाहेरून दिसतो. त्या कांचमाशाच्या अंगांत सुईनें चकाकणारा रंग टोचून तो विकला जातो. तो रंग कांहीं महिन्यांत विरतो. टोचण्यानें कित्येक मासे मरतात व उरलेल्यांस जखमेवाटे रोग जडतो.

पुतण्याच्या पुडींत काय होतें तें तिच्यावर लिहिलेलें नव्हतें, आणि तेवढेंच कारण ती न वापरण्यास पुरेसें होतें. आहारानें आलेला रंग तरी कायमचा असतो काय? नाहीं. खाद्य बंद केल्यास तोही हळूहळू उतरतो. पण तो उतरला तर पुन्हां आणतां येतो, आणि कसा आणावा हें घेणाऱ्यास मोकळेपणानें सांगतां येतें. पुडी देणाऱ्यास तें सांगतां येत नाहीं. दोहोंतील भेद मला एवढाच वाटतो, व तो पुरेसा वाटतो.

पुढें सर्व हौदांस हेंच खाद्य चालू केलें. विक्रीच्या आधीं निदान सहा ते आठ आठवडे तें सुरू असावें असा आमचा अनुभव आहे. व्यापारी पुन्हां आला तेव्हां त्यानें भाव पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढविला. अव्वल मालाचा भाव मात्र मिळाला नाहीं. मूळ बीजच मध्यम प्रतीचें होतें. दुसरा हप्ता वेळेवर भरला. यंदा पुतण्यानें थोडीं परंतु चांगल्या वंशाचीं पिल्लें आणलीं आहेत. प्रत्येक मासा नेणाऱ्यास तो खाद्याची एक लहान पिशवी बरोबर देतो व वर प्रमाण लिहून देतो.

शेतकरी बंधूंनीं या लेखांतून दोनच गोष्टी घेतल्या तरी माझे श्रम सार्थकीं लागले असें मी समजेन. माशाच्या अंगावर जो पिवळा-तांबडा रंग हवा, तो आधीं त्याच्या पोटांत गेला पाहिजे. आणि पोटांत जें जावयाचें, तें कोठून आलें हें आपणांस ठाऊक असलें पाहिजे. पहिली गोष्ट मला चौकशीनें कळली. दुसरी त्या अकरा माशांनीं शिकविली.